मुंबईत लाइन बदलायची म्हणजे… सांगली-साताऱ्याकडून जाणाऱ्यांनी अनुभव लिहा

विश्रामबागकर (सांगली)
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आईला घेऊन मुंबईला जाऊन आलो. आई ६८ वर्षांची, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय. सपाटीला ती माझ्या पुढं चालते, पण जिना दिसला की आधी कठडा शोधते. आम्हाला उपनगरात ताईकडं जायचं होतं. रात्री सांगलीत गाडीत बसलो, झोप झाली, उजाडता उजाडता उतरलो. इथवर काहीच तक्रार नाही. ताईचं घर तिथून तासाभरावर. पण त्या तासात दोनदा लाइन बदलायची होती, आणि रात्रभराच्या प्रवासात न दमलेली आई तेवढ्यात दमली.

फलाटावर पाटी होती, बाण वर दाखवत होता. जिना चढून गेलो तर पुलाला तीन फाटे आणि एकाही फाट्याला पाटी नाही. लिफ्ट होती, पण पुलाच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे चढायचं पायांनी आणि उतरायला लिफ्ट. मेट्रो तर डोळ्यासमोर दिसत होती, पण तिथं पोचायला आधी खाली रस्त्यावर उतरायचं, रिक्षांच्या गर्दीतून पलीकडं जायचं आणि परत दोन मजले चढायचे. वर गेल्यावर तिकिटाची वेगळी रांग. माझ्या एका हातात पिठाचा डबा नि हळदीची पिशवी, दुसऱ्या हातात आईचा हात. शेवटी एका गजरेवाल्या बाईंनी आईला स्वतःचं स्टूल दिलं. आई त्यावर बसली आणि मला म्हणाली, "तू जा पुढं. ताईला इकडंच बोलव भेटायला."

हे वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाही.

स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. परतीच्या वाटेवर दुसऱ्याच ठिकाणी तोच प्रकार झाला, त्यामुळं एका जागेला दोष देऊन उपयोग नाही. मला समजून घ्यायचंय की हे असं का आहे. दोन्ही लाइनी आहेत, दोन्हीकडं गाड्या वेळेवर आहेत, मग मधले तीन-चारशे मीटर कुणाचे? आणि आपल्याकडून कुणी म्हातारं माणूस, पेशंट, लहान मूल घेऊन जात असेल तर त्यानं काय करावं? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

माहुली_रोड (सातारा)
रविवार, रात्री ९:४२

दादा, आईंना नमस्कार सांगा.

आम्हा सातारकरांना हे दुखणं घरचंच आहे. आमचं रेल्वे स्टेशन माहुलीला, एसटी स्टँड गावात, मधे पाच-सहा किलोमीटर. रात्री उशिरा गाडीनं उतरलं की रिक्षावाला म्हणेल तो दर. म्हणून निम्मा सातारा रेल्वेच्या वाटेलाच जात नाही, सरळ स्वारगेटची विनाथांबा धरतो. रेल्वे स्वस्त आहे, आरामाची आहे, तरी माणसं जात नाहीत. का? स्टेशन ते घर हा तुकडा कुणी विचारातच घेतला नाही म्हणून. मुंबईत तेच शंभर पटीनं मोठं झालंय.

---

वाळव्याचा_डोंबिवलीकर
रविवार, रात्री १०:३०

मूळ गाव वाळवा तालुक्यात, बावीस वर्षं डोंबिवलीत. रोज लाइन बदलतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

"मधले मीटर कुणाचे" हा प्रश्न तुम्हाला आत्ता पडलाय, पण तो दीडशे वर्षांचा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. समुद्राच्या बाजूनं, विरारकडून बॅकबेपर्यंत १८६७ साली गाडी आली ती बॉम्बे बरोडा कंपनीची. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी शेवटची स्टेशनं. एकमेकांना प्रवासी देण्यात दोघींनाही रस नव्हता. १९५१ ला मध्य आणि पश्चिम असे विभाग झाले, पण रेषा होत्या तिथंच राहिल्या. आजही कल्याणकडच्या माणसाला विरारच्या बाजूला जायचं तर थेट गाठ पडते ती दादरला, नाहीतर परळ-प्रभादेवीला. त्यानंतर एकदम लांब वसई-दिवा. एवढ्या मोठ्या शहराची सगळी अदलाबदल या दोन-तीन पुलांवरून होते.

सीएसएमटी आणि चर्चगेट हे तर अजून नवलाचं. दोन्ही टर्मिनस चालत वीसेक मिनिटांच्या अंतरावर, आणि तरी त्यांना जोडणारी रेल्वे कधीच नव्हती. बस, टॅक्सी, नाहीतर पाय. ती पहिल्यांदा जोडली गेली ऑक्टोबर २०२५ मध्ये, मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा. चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी. दोन स्टेशनांचा प्रवास, पण तो यायला दीड शतक लागलं.

काही गोष्टी सुधारल्या आहेत हेही लिहायलाच पाहिजे. पूर्वी दादरला "एक नंबर" विचारलं की समोरचा विचारायचा, कुठला एक नंबर, वेस्टर्नचा की सेंट्रलचा? दोन्ही रेल्वेंचे आकडे एकापासूनच सुरू. नवा माणूस हमखास चुकीच्या फलाटावर. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग नंबर केले. त्यासाठी ना नवा पूल लागला ना जमीन. पाट्या बदलल्या, घोषणा बदलल्या, आणि रोज हजारो माणसांचा गोंधळ वाचला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण पैसा नाही, जागा नाही ही कारणं इथं चालत नाहीत. फक्त नवख्या माणसाच्या डोळ्यांनी स्टेशन बघायला हवं होतं.

---

हळद_मार्केट (सांगली)
सोमवार, सकाळी ७:१५

पटलं नाही तर रागावू नका. मुंबईत लोकलच्या दारात माणसं लटकतात, पडून मरतात. पैसा आहे तो आधी गाड्या वाढवायला लागूदे. पूल, पाट्या, सरकते जिने हे नंतरचं. आपण वर्षातून एकदा जाणार, आपल्यासाठी कोण एवढं करणार?

---

कराडची_लेक
सोमवार, दुपारी २:०५

हळद_मार्केट दादा, तुमचं गाड्यांबद्दलचं म्हणणं खरंच आहे. पण पूल नंतरचे म्हणू नका, ही हात जोडून विनंती.

मी परळ भागात नर्स आहे, नऊ वर्षं झाली. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. तेव्हा प्रभादेवी स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. पाऊस पडत होता, परळच्या बाजूनं आणि एल्फिन्स्टनच्या बाजूनं येणारी माणसं एकाच अरुंद जिन्यावर अडकली, आणि त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. ती माणसं गाडीतून पडली नव्हती. गाडीतून सुखरूप उतरली होती आणि एका लाइनवरून दुसरीकडं किंवा कामावर निघाली होती. गाड्या येत राहिल्या, माणसं उतरत राहिली, आणि वाट होती तेवढीच. त्यानंतर लष्कराला बोलावून तिथं, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधून घेतले. फेब्रुवारी २०१८ ला ते सुरू झाले. पाच-सहा महिन्यांत पूल होऊ शकतो हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

गाड्या वाढवल्या म्हणजे त्याच पुलावर दर तीन मिनिटांनी आणखी माणसं येणार. दोन्ही बरोबरच व्हायला हवं.

आता विश्रामबागकर दादांसाठी. आपल्या भागातून इकडं खूप पेशंट येतात. सांगली, कवठेमहांकाळ, जत, वाई, फलटण. मी त्यांच्या चपलांवरून आणि बोलण्यावरून ओळखते. केमो घेतलेल्या माणसाला चाळीस पायऱ्या म्हणजे काय हे सांगून कळत नाही, बघावं लागतं. परळचा रस्त्याचा जुना पूल शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे, त्यामुळं पूर्वी जे नातेवाईक तुम्हाला "स्टेशनातून बाहेर पडून पुलावरून या" असं सांगायचे, त्यांची माहिती आता जुनी झाली. पेशंट असेल तर स्टेशनबाहेरून टॅक्सी करा, तिथं पैसे वाचवू नका. आणि सकाळी आठ ते अकरा लाइन बदलायची वेळ येऊ देऊ नका. लवकर पोचलात तर स्टेशनवरच वेटिंग रूममध्ये बसा, चहा घ्या, गर्दी ओसरली की निघा.

---

हळद_मार्केट (सांगली)
सोमवार, दुपारी २:३१

ताई, चुकलं माझं. २०१७ चं लक्षातच नव्हतं.

---

मिरज_यार्ड
सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी रेल्वेतून निवृत्त. वय ७४. नातू टाईप करून देतोय.

लाइन बदलणं काय असतं हे मिरजेएवढं कुणाला माहीत नसंल. आमच्या मिरजेत एकेकाळी तिन्ही गेज, म्हणजे रुळांच्या तिन्ही रुंद्या होत्या. पुण्याकडं ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी. बेळगाव-बंगळूरकडं मीटरगेज. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, अडीच फुटी. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर जाऊच शकत नव्हती. माणूस असो, गुळाची ढेप असो, तंबाखूचं गठुळं असो, मिरजेत उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. सगळ्यांना. त्याला इलाज नव्हता.

पण ते आमचं काम होतं. मालाची अदलाबदल करायला वेगळी जागा, वेगळे हमाल, त्याची वेगळी वही. आषाढीला वारकरी यायचे, कपाळाला बुक्का, डोक्यावर बोचकं, बरोबर म्हाताऱ्या बायका. तिकीट एकच. कोल्हापुरात काढलेलं पंढरपूरपर्यंत चालायचं, मिरजेत नवीन काढावं लागत न्हवतं. आणि मोठी गाडी उशिरा आली तर पंढरपूरची गाडी धरून ठेवायचे. कंट्रोलला फोन जायचा, किती माणसं हायत, किती मिनिटं लागतील. गार्ड स्वतः बघायचा शेवटची म्हातारी चढली का.

त्या वेळी सोयी कमी होत्या. लिफ्ट नाही, सरकता जिना नाही, निम्म्या फलाटाला पत्रा नाही. तरी बाई मिरजेत हरवली तर ती चूक आमची धरली जायची. आता मुंबईत माणूस दोन स्टेशनांच्या मधे हरवला तर चूक कुणाची? कुणीच धरत न्हाई. मला ह्यात सगळा फरक दिसतो.

---

माहुली_रोड (सातारा)
सोमवार, संध्याकाळी ७:२०

आबा, दंडवत. "शेवटची म्हातारी चढली का" हे वाचून अंगावर काटा आला.

---

पूल_आणि_पाया (सांगली, सध्या ठाणे)
सोमवार, रात्री ११:१५

मी स्थापत्य अभियंता, वालचंद कॉलेजचा माजी विद्यार्थी. आबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी त्याची कागदावरची बाजू सांगतो.

मुंबईची मेट्रो १ म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर. ८ जून २०१४ ला सुरू झाली, ११.४ किलोमीटर, खासगी भागीदारीतून बांधलेली. २अ आणि ७ या लाइनी एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर विकास प्राधिकरणाच्या, त्या चालवायला महामुंबई मेट्रो ही कंपनी. मेट्रो ३, म्हणजे कुलाबा-वांद्रे-सीप्झची ३३.५ किलोमीटरची भुयारी लाइन, एमएमआरसी या तिसऱ्याच कंपनीची. लोकल दोन रेल्वे विभागांकडं. रस्ता महापालिकेकडं. आता दोन लाइनींना जोडणारा शंभर मीटरचा पूल कल्पनेत आणा. त्याचा एक खांब एकाच्या हद्दीत, दुसरा दुसऱ्याच्या, मधला फुटपाथ तिसऱ्याचा. दिवे कुणी लावायचे, लिफ्ट बंद पडली तर कुणी दुरुस्त करायची, फेरीवाला बसला तर कुणी उठवायचा, जाहिरातीचे पैसे कुणाला जायचे. प्रत्येक प्रश्नाला एक बैठक.

लाइनचा प्रकल्प अहवाल करताना ठेकेदाराला, अधिकाऱ्याला, मंत्र्याला किलोमीटर दिसतात, स्थानकांची संख्या दिसते. उद्घाटन लाइनचं होतं. जोडपुलाची तारीख कुणाला ठरवून दिलेली नसते, म्हणून तो मागं पडतो.

प्रवाशाच्या बाजूचं गणित मात्र उलटं आहे. वाहतूक नियोजनात आम्ही शिकतो की गाडीत बसून काढलेल्या एका मिनिटापेक्षा चालण्यात आणि वाट बघण्यात गेलेलं मिनिट माणसाला साधारण दुप्पट जड वाटतं. जिना असेल, सामान असेल तर आणखी. म्हणजे नव्या लाइननं गाडीतली दहा मिनिटं वाचवली आणि बदलताना सहा मिनिटं घालवली, तर माणसाच्या दृष्टीनं ती लाइन तोट्याची. तो परत रिक्षात बसतो. मग प्रवासी का नाहीत म्हणून चर्चा सुरू होते.

चांगलं झालंय तेही सांगतो. मेट्रो ७ चं गुंदवली आणि मेट्रो १ चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे यांच्यामध्ये पूल आहे, तसाच २अ च्या अंधेरी पश्चिम आणि मेट्रो १ च्या डी. एन. नगरमध्ये. रस्त्यावर उतरावं लागत नाही. मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि ३ ची गाठ पडते. एक जमिनीखाली आणि एक आकाशात असल्यामुळं चढ खूप, पण वाट आहे. दादरची मेट्रो ३ मात्र पश्चिमेला गोखले रोडखाली आहे, रेल्वेच्या फलाटापासून सामान घेऊन चांगली सात-आठ मिनिटं. नकाशावर दोन्हीकडं "दादर" लिहिलेलं असतं, त्यावरून ती एकाच छपराखाली असतील असं समजू नका.

२०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात लिहिलंय की मेट्रो मागताना तिला बस, रेल्वे, पायवाट कशी जोडणार हे दाखवलंच पाहिजे, आणि शहरात सगळ्या वाहतुकीचं मिळून एक प्राधिकरण पाहिजे. कागद चांगला आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक जोडस्थानकाला एक मालक नेमा. मिरजेच्या आबांसारखा. त्याच्या नावाची पाटी आणि फोन नंबर पुलावर लावा.

---

निवृत्त_सुभेदार (सातारा तालुका)
मंगळवार, सकाळी ६:०५

जय हिंद. दिल्लीत धौला कुआँजवळ माझं पोस्टिंग होतं. तिथं विमानतळाची मेट्रो एका बाजूला आणि गुलाबी लाइनचं दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस स्टेशन दुसऱ्या बाजूला, मधे रिंग रोड, रेल्वेचे रूळ, सगळी अडचण. अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास. ते स्टेशन हलवता येत नव्हतं. मग त्यांनी फेब्रुवारी २०१९ ला झाकलेला पूल केला आणि त्यात २२ सरकते पट्टे बसवले. पट्ट्यावर उभं राहायचं, तो पुढं नेतो. मी माझ्या वडिलांना त्यावरून नेलंय, ८१ व्या वर्षी. अंतर तेवढंच राहिलं, पण वडील दमले नाहीत. करायचं म्हटलं तर होतं.

---

कृष्णाकाठची (औदुंबरजवळ)
मंगळवार, सकाळी १०:४०

पुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलगी वनाजला राहते. मी एसटीनं स्वारगेटला उतरते. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आलीय. सिव्हिल कोर्टला बदलायचं. खालची गाडी जमिनीत ३३ मीटर खोल आणि वनाजची गाडी वर पुलावर, त्यामुळं सरकत्या जिन्यांवर जिने येतात, पहिल्यांदा छातीत धडधडलं. पण बाहेर पडावं लागत नाही, दुसरं तिकीट लागत नाही, बाण शेवटपर्यंत सोबत करतात. मी चौथी शिकलेली बाई एकटी जाते. मुंबईत मात्र जावई घ्यायला आल्याशिवाय हलत नाही.

---

पूल_आणि_पाया (सांगली, सध्या ठाणे)
मंगळवार, दुपारी १:२०

मावशी, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचा पुरावा दिलात. सिव्हिल कोर्टला दोन्ही लाइनी एकाच कंपनीच्या, महामेट्रोच्या आहेत, म्हणून फाटक एक, तिकीट एक, बाण एकाच पद्धतीचे. खोली आणि उंची मुंबईपेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे. तरी जमतं.

आणि म्हणूनच मला काळजी वाटते. हिंजवडी-शिवाजीनगर ही पुण्याची तिसरी लाइन तिथंच सिव्हिल कोर्टजवळ येऊन मिळणार आहे, आणि ती पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर विकास प्राधिकरणाची, खासगी भागीदारीतली. मालक बदलला की मुंबईतल्या चुका तिथं शिरतील. सातारा-सांगलीचे आयटीतले किती पोरं-पोरी हिंजवडीला आहेत. स्वारगेटला उतरून त्यांना हीच वाट लागणार. आपण आत्ता बोललो तर काही उपयोग आहे. फाटकं बसल्यावर कुणी हलवत नाही.

---

वाळव्याचा_डोंबिवलीकर
मंगळवार, रात्री ९:००

तिकिटाबद्दल एक राहिलं. लोकलचं तिकीट डोंबिवलीहून बोरिवलीपर्यंत एकच निघतं, दादरला बदलताना नवीन लागत नाही. दोन रेल्वे विभाग असूनही हे जमलेलं आहे. मेट्रो आली तेव्हा ते मोडलं. आता ऑक्टोबर २०२५ पासून मुंबई वन नावाचं ॲप आहे, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट अशा ११ सेवांचं तिकीट मिळतं. तरण्या माणसाला उत्तम. पण आपल्या आई-वडिलांकडं साधा फोन असतो. त्यांच्यासाठी खिडकीवर एकच कागदी तिकीट मिळायला हवं, हे मी लावून धरणार आहे.

आणि विश्रामबागकर, तुमच्या मूळ प्रश्नावर आत्ता सुचलं. पुढच्या वेळी दादरला उतरूच नका. गाडीत बसून राहा, सीएसएमटीला उतरा. ते शेवटचं स्टेशन, फलाट सरळ मोठ्या हॉलमध्ये निघतात, पूल चढायचाच नाही. तिथून बाहेर पडून मेट्रो ३ ला लिफ्टनं खाली. ताईंचं घर अंधेरी-वर्सोव्याच्या पट्ट्यात असेल तर मरोळ नाक्यापर्यंत एकाच गाडीत बसून जाता, तिथं एकदाच बदल. वेळ पंधरा-वीस मिनिटं जास्त जाईल. गुडघ्यासाठी ती द्या.

---

विश्रामबागकर (सांगली)
तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:३०

मंडळी, जाऊन आलो.

डोंबिवलीकरांचं ऐकलं. आई आधी तयारच नव्हती. "मला परत त्या पुलावर नेऊ नकोस" एवढंच म्हणत होती. मग मी वहीच्या पानावर सगळी वाट काढून दाखवली, कुठं चढ आहे, कुठं लिफ्ट, कुठं बसायला मिळेल. ती पंधरा मिनिटं ते पान बघत होती. मग म्हणाली, हं, चल.

सीएसएमटीला गाडीतून उतरून हॉलपर्यंत आई एकटी चालत गेली, मी सामान घेऊन मागं. मेट्रोची लिफ्ट विचारत विचारत गाठली. सकाळची वेळ असून बसायला जागा मिळाली. मरोळ नाक्याला बदलताना आम्ही मुद्दाम दोन गाड्या सोडल्या, घाई केली नाही. एका ठिकाणी बाकड्यावर बसून आईनं पाणी प्यालं. ताईच्या दारात पोचलो तेव्हा तिनं विचारलं, दमलीस का गं? आई म्हणाली, नाही, भूक लागलीय.

पण हे जमलं ते आमच्याकडं वेळ होता, इथल्या पाच-सहा जणांनी माहिती दिली होती आणि ताईचं घर नेमकं त्या बाजूला होतं म्हणून. घर भांडुपला किंवा मालाडला असतं तर परत पूल आलेच असते. त्यामुळं विषय सोडायचा नाही. मी आणि पूल_आणि_पाया मिळून एक अर्ज लिहितोय. त्यात तीनच मागण्या ठेवल्यात, जास्त घातल्या की कुणी वाचत नाही. प्रत्येक जोडस्थानकाला एक जबाबदार अधिकारी आणि त्याचा नंबर पुलावर. पाट्या पहिल्या फलाटापासून दुसऱ्या फलाटापर्यंत सलग, मराठीत मोठ्या अक्षरात, मधे एकही फाटा पाटीशिवाय नको. आणि लिफ्ट बंद असेल तर ते आधीच्या स्टेशनवरच सांगायचं, जिन्याच्या पायथ्याशी पोचल्यावर नाही. आबांनी एक ओळ वाढवायला सांगितलीय, दुसरी गाडी पाच मिनिटं धरण्याबद्दल. मेट्रोत दर काही मिनिटांनी गाडी असते, तिथं गरज नाही. पण रात्रीच्या शेवटच्या गाडीसाठी मी ती घातलीय.

पुण्याचा अर्ज वेगळा, सिव्हिल कोर्टबद्दल. तो आधी पाठवतो, कारण तिथं अजून वेळ गेलेली नाही.

---

मिरज_यार्ड
रविवार, संध्याकाळी ७:१०

शेवटच्या गाडीचं घातलंस, बरं केलंस. सही माझी पहिली घे.

---

कृष्णाकाठची (औदुंबरजवळ)
रविवार, रात्री ८:२५

दादा, माझ्या दिरांना पुढच्या गुरुवारी दाखवायला न्यायचंय, मुंबईलाच. त्यांना दम लागतो. तुम्ही वहीत काढलेली वाट इथं टाकाल का? आम्ही सांगलीहूनच बसणार.

---

विश्रामबागकर (सांगली)
रविवार, रात्री ८:५०

वहिनी, फोटो टाकलाय खाली. त्यांना परळकडं जायचं असेल तर कराडच्या लेकीला आधी विचारा, तिकडची वाट वेगळी आहे. पानावर दोन ठिकाणी पेन्सिलनं गोल दिसेल, ती बसायची बाकडी आहेत. ते गोल आईनं परत आल्यावर काढले.